व्यसन : नाही

केसपेपरवर ते मीच लिहिलं होतं. शनिवारी दुपारी. ‘व्यसन’ या रकान्यापुढे ‘नाही’.

जळगावातल्या एका रुग्णालयात मी हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. तो मुलगा एरंडोल तालुक्यातला, वय २४. मोटारसायकल घसरून उजव्या पायाची नडगी मोडली होती. ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, तंबाखू, गुटखा, दारू? तो उत्तर देण्याआधीच आई म्हणाली, “मना पोऱ्या सुपारीबी खात नही, ताई. त्याले संगतच नही कोनी. घर सोडीसन कोठे जात नही.” हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मीही दोन मुलांची आई आहे, मला तो कळला. मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

रविवारी रात्रपाळीला आले तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. मे महिना, दुपारचा पारा ४५ ला टेकलेला, वॉर्डातले पंखे गरम हवा फिरवत होते. घाम सगळ्यांनाच होता, म्हणून कुणाला वेगळं वाटलं नाही. पण पाण्याचा पेला धरताना त्याचे हात असे थरथरले की अर्धं पाणी उशीवर सांडलं. नाडी १२८. एक वाजता तो चादरीवरून काहीतरी वेचायला लागला. “मुंग्या लागल्यात सगळीकडे, झटका ना,” असं म्हणून प्लास्टर केलेला पाय घेऊन खाटेवरून उतरायला निघाला. वडिलांनी धरलं तर त्यांना ओळखेना.

रात्रीचे डॉक्टर धावत आले. लांब हाड मोडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत हाडातली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात, मेंदूत अडकू शकते, माणूस असाच बरळतो. त्यांना आधी तीच भीती वाटली. पण ऑक्सिजन ९८ होता, धाप नव्हती, छातीवर लाल ठिपके नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “सिस्टर, दारूचं नीट विचारलं होतं ना?”

वडिलांना पुन्हा विचारलं. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावून शपथ घेतली, आणि ते खोटं बोलत नव्हते. तेवढ्यात आई म्हणाली, घरी धाकटी पोर एकटीच आहे, तिला काय सांगू? मी फोन मागून घेतला, व्हरांड्यात गेले आणि त्या मुलीशी बोलले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “ताई, बाबांना सांगू नका. गच्चीवरच्या खोलीत कूलरमागे ढेपेची गोणी आहे. दादाच्या बाटल्या त्यात असतात. मीच झाडते ना वरती.”

पुढचं भराभर झालं. दुखण्यासाठी चालू असलेलं ट्रॅमाडॉल बंद केलं, कारण अशा रुग्णाला त्याने फिट येण्याची शक्यता वाढते. शिरेतून लोराझेपाम हे शांत करणारं औषध दिलं, ग्लुकोज लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व दिलं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत असा भ्रम होतो. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावूही शकतो. सोमवारचं ऑपरेशन पुढे गेलं. पहाटे चारला तो झोपला आणि माझे पाय लटपटायला लागले.

सकाळी डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितलं. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईने एकच विचारलं, “कोना संगे पेस?”

कुणाबरोबर पितो! एकटाच, म्हटलं तर तिला ते समजेचना. आपल्याकडे दारू म्हणजे हायवेवरचा ढाबा, हळदीची रात्र, निवडणुकीचे दिवस, वाईट संगत. सातपुड्यातल्या पाड्यांवर मोहाची दारू असते, तीही चारचौघांत बसून, आधी पूर्वजांच्या नावाने जमिनीवर थेंब सांडून. पोरगं बिघडेल या धास्तीने आपण त्याच्या मित्रांवर नजर ठेवतो. ज्याला मित्रच नाहीत, तो घराघरात शहाणा ठरतो.

चौथ्या दिवशी तो भानावर आला. आईला चहाला पाठवून मी खाटेजवळ स्टूल ओढलं. तो हळूहळू बोलला. पुण्यात दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास, एका खोलीत चौघं. पहिल्यांदा घेतली ती मित्रांबरोबरच, निकालाच्या रात्री. मग दोघांची निवड झाली, खोली रिकामी झाली. “मित्रांसोबत बसलं की बोलावं लागतं, सिस्टर. पुढं काय, म्हणून विचारतात. एकटं घेतली की कुणी काही विचारत नाही.” झोप यावी म्हणून तो घ्यायचा. झोप लागायचीही, पण तीनला डोळा उघडायचा, मग पुन्हा घोट. दारूने आणलेली झोप पहाटे अशीच तुटते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गावी परत आला तेव्हा रोजची एक चपटी होती. वर्षभरात दोन झाल्या. शेवटी सकाळी हात थांबावेत म्हणून घ्यावी लागायची. अपघात झाला त्या सकाळी तीच आणायला निघाला होता.

एक चपटी १८० मिलिलीटरची. तिच्यात जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चारचौघांत बसलं की गप्पांत वेळ जातो, कुणीतरी “बस झालं” म्हणतं, कुणी घरी सोडतं. त्याला थांबवायला गच्चीवर कुणीच नव्हतं. गंमत म्हणून तो पीतच नव्हता. घरच्यांनी चार एकरांतल्या कपाशीवर कर्ज काढून पुण्याला पाठवलं होतं, ते पैसे त्याच्या छातीवर बसले होते. तोंडातून एकदाही ‘चव’, ‘मजा’ असा शब्द आला नाही. प्रत्येक वाक्यात ‘विसरायला’ आणि ‘झोपायला’ होतं.

मानसोपचाराच्या मॅडम त्याला बघायला आल्या, तेव्हा मी त्यांना माझ्या ‘नाही’बद्दल सांगितलं. त्यांनी मला दोन प्रश्नावल्या दाखवल्या. ऑडिट नावाची, जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्नांची. किती पिता, किती वेळा, थांबता येतं का, सगळं विचारते. कुणाबरोबर पिता, हे विचारत नाही. दुसरी क्रॅफ्ट, किशोरवयीन आणि कोवळ्या तरुणांसाठीची. तिच्यात एक प्रश्न थेट आहे : एकटा असताना घेतोस का? अमेरिकेत सुमारे साडेचार हजार मुलांना वयाच्या अठराव्या वर्षापासून पस्तिशीपर्यंत तपासत राहिले, त्याचं काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, असं त्या म्हणाल्या. अठराव्या वर्षी एकटं पिणाऱ्यांना पुढे दारूच्या विकाराचा धोका जास्त दिसला, ती स्वतः किती आणि किती वेळा पितात हे जमेस धरूनही. त्या बोलत होत्या आणि मला खाटेखाली सरकवलेली त्याच्या आईची चप्पल दिसत होती. माझा प्रश्नच त्याच्या आईसमोर विचारलेला होता. त्या खोलीत तो ‘हो’ म्हणणार कसा?

आता दाखल करताना मी नातेवाइकांना औषधाच्या चिठ्ठीसाठी खाली पाठवते आणि मग विचारते. “मित्रांसोबत घेतो का” असं विचारत नाही. “झोप येते का रे? नाही आली तर काय करतोस?” असं विचारते. बहुतेक जण मोबाइल बघतो म्हणतात. काही जण खाली बघतात.

बुधवारी पायात रॉड बसवला. तो घरी जाताना मी त्याच्या फाइलवर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला, रात्री तीनलाही लागतो म्हणून सांगितलं.

सहा आठवड्यांनी एक्स-रेला आला, कुबड्यांवर. आई बरोबर होती, पण ती स्वतःच बाहेर बाकावर बसली. गच्चीवरची खोली बंद केलीय, म्हणाला. खाट आता ओट्यावर असते. शेतीची लाईट रात्री येते, वडील मोटार चालू करायला उठतात, तेव्हा त्यालाही जाग असते.

“घेतली का मधे?”

“दोनदा.” थोडा थांबला. “दुसऱ्या वेळी आईला सांगितलं.”

“मग?”

“काही बोलली नाही. बियाण्याच्या शेंगा फोडत बसली खाटेजवळ. उजाडेपर्यंत.”