हेडीज, हीट ८: मुठींना कुठला देव मानवतो

हेडीज या व्हिडिओ गेममधल्या ढालीचं प्रकरण मागच्या नोंदीत आटोपलं, तेव्हा या वेळी माल्फॉन. सहा हत्यारांतलं सगळ्यात आखूड पल्ल्याचं हत्यार. दोन हातांत दोन जाड मुठी, शत्रूच्या अंगाला अंग भिडवल्याशिवाय काही लागत नाही. बरेच जण एकदा हाताळून बघतात आणि निमूटपणे धनुष्याकडे परततात. पण देवांच्या वरदानांचं गणित समजून घ्यायचं असेल तर मला याच्याइतकं प्रामाणिक हत्यार दुसरं दिसत नाही. मुठी इतक्या भरभर चालतात की कुठल्या देवाचं दान फुकट जातंय ते पहिल्या दोन खोल्यांतच उघडं पडतं.

हीट म्हणजे खेळ मुद्दाम अवघड करायला आपणच लावलेल्या अटींच्या गुणांची बेरीज. हीट ८ ची मांडणी सांगून टाकतो. एक्स्ट्रीम मेझर्स, म्हणजे बॉसच्या लढती अवघड करणारी अट, तिसऱ्या पायरीपर्यंत, त्याचे सहा गुण. आणि हार्ड लेबरच्या दोन पायऱ्या, त्याचे दोन. हार्ड लेबरच्या दर पायरीला शत्रूंचा मार २० टक्क्यांनी वाढतो. वेळेची मर्यादा वगैरे भानगड लावलेली नाही. घड्याळ लावून खेळणारे लोक वेगळ्याच मातीचे असतात, त्यांना नमस्कार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: सुपरजायंटचा हा खेळ डिसेंबर २०१८ मध्ये अर्ली ॲक्सेसला आला आणि १७ सप्टेंबर २०२० ला पुरा झाला. नायक झॅग्रियस हा पाताळाचा राजा हेडीजचा मुलगा. त्याला बापाच्या घरातून पळायचंय. टार्टारस, ॲस्फोडेल, इलीझियम आणि स्टिक्सचं मंदिर असे चार टप्पे, मेलात की रक्ताच्या कुंडातून पुन्हा घरात. वाटेत ऑलिंपसवरचे नातलग, म्हणजे काके, आत्या, चुलत भावंडं, आपापली शक्ती थोडी थोडी उसनी देतात. त्यालाच आपण बून म्हणतो. एका रनमध्ये, म्हणजे पळण्याच्या एका प्रयत्नात, मुख्य देवांपैकी फक्त चारच भेटतात. हर्मीस आणि केऑस या हिशेबाबाहेर. म्हणून पहिले दोन कोण येतात याला एवढं महत्त्व.

आता मुद्द्याचं. देवांच्या वरदानांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट आकड्याचा, दुसरा टक्क्यांचा.

झ्यूसची वीज आकड्याची. हल्ल्यावर लाइटनिंग स्ट्राइक घेतलं की साध्या दर्जालासुद्धा प्रत्येक ठोशामागे १० ची वीज आजूबाजूच्यांवर उडते. ठोसा हलका की जड, विजेला देणंघेणं नाही. मुठीचा एक ठोसा मुळात १५ चा. त्यावर १० फुकट, आणि तेही सेकंदाला कितीतरी वेळा. हीच वीज धनुष्याच्या ताणून सोडलेल्या बाणाला लावा, तिथेही १० च. बाण सुटायला लागलेल्या वेळात मुठी पाच-सहा जणांना शॉक देऊन मोकळ्या झालेल्या असतात.

ॲफ्रोडाइटी टक्क्यांची. तिचं हार्टब्रेक स्ट्राइक हल्ला ५० टक्क्यांनी वाढवतं, वर शत्रू दुबळा होतो, म्हणजे त्याचा आपल्यावरचा मार कमी होतो. ऐकायला भरघोस. पण १५ च्या ५० टक्के म्हणजे साडेसात. तोच हिशेब जड हत्याराच्या १०० च्या घावावर केला तर ५० वाढतात. सौंदर्याची देवी मुठींवर रुसते ती अशी. दुबळेपणासाठी तिला डॅशवर, म्हणजे झटकन बाजूला सरकण्यावर, घ्यायला हरकत नाही, हल्ल्यावर मात्र नको.

डायोनायसस मधल्यामध्ये. त्याची हँगओव्हर एकावर एक पाचदा चढते. मुठींनी पाच थर क्षणात भरतात आणि मग पुढचे ठोसे फक्त ती नशा टिकवत राहतात. मोठ्या बॉससमोर हे उत्तम: पाच थर चढवा, मागे सरा, तो आपोआप झिजतोय. डिमीटरचा गारठा दहा थरांचा, दर थराला शत्रू चार टक्के संथ, म्हणजे पूर्ण थंडी भरली की ४० टक्के. आर्टेमिसचा क्रिटिकल, म्हणजे अधूनमधून बसणारा जास्तीचा जोरदार घाव, कुठेही चालतो, पण हलक्या ठोशाचा क्रिटिकल तो हलकाच. हर्मीस आला की डोळे मिटून हल्ल्याचा वेग घ्या, चर्चा नको.

आणि मग एरीस. युद्धाचा देव, त्यामुळे मुठींना तोच शोभेल असं वाटतं, आणि नेमका तोच मुठींना सगळ्यात कमी मानवतो. त्याचा डूम म्हणजे शत्रूवर टांगलेली तलवार: ठोसा बसला की सेकंदभराने साधारण दर्जाला ५० चा घाव. पण तलवार टांगलेली असताना तुम्ही आणखी दहा ठोसे मारलेत तरी दुसरी टांगली जात नाही. भरभर मारणाऱ्या हाताला त्या सेकंदाचं काय करायचं ते कळत नाही.

यावर तोडगा म्हणजे एरीस आणि अथीनाचं जोड वरदान, मर्सीफुल एंड. अथीनाची शक्ती डिफ्लेक्टची, फेकून मारलेलं उलट फिरवण्याची. हे जोड वरदान मिळालं की ज्या हल्ल्यात डिफ्लेक्ट आहे तो हल्ला डूमला वाट बघू देत नाही, जागच्या जागी फोडतो. मी एरीस स्पेशलवर घेतो, म्हणजे हत्याराच्या दुसऱ्या खास हल्ल्यावर; मुठींचा तो खालून वर जाणारा ठोसा. आणि अथीना साध्या हल्ल्यावर. स्पेशलने तलवार टांगायची, लगेच ठोसा, तलवार खाली. पुन्हा स्पेशल, पुन्हा ठोसा. हाताला एकदा चाल बसली की लेझीमसारखी लय लागते आणि इलीझियममधले ते चिलखतवाले वीर उभे राहायच्या आत आडवे होतात.

या जोडीची खरी गंमत कळते ती इलियड वाचलेल्याला. तिथे पाचव्या सर्गात अथीना स्वतः डायोमेडीजच्या रथात चढते, त्याचा भाला एरीसच्या पोटात घुसवते, आणि युद्धदेव नऊ-दहा हजार माणसांएवढी किंकाळी फोडत ऑलिंपसवर पळतो. वर जाऊन झ्यूसकडे तक्रार, आणि बाप म्हणतो, माझ्यासमोर कुरकुर करू नकोस, सगळ्या देवांत मला तुझाच जास्त तिटकारा आहे. एकविसाव्या सर्गात ती त्याला पुन्हा एकदा दगड घालून लोळवते. अशा दोघांची शक्ती एकाच मुठीत घालून तिला दयाळू शेवट असं नाव द्यायचं, यात लिहिणाऱ्यांची खोड दिसते. खेळातला एरीस तर बोलायला कमालीचा मृदू. मारामारीचं कौतुक अशा आवाजात करतो की जणू चहाला बोलावतोय. मला पूर्ण देवमंडळात तोच सगळ्यात भयंकर वाटतो. झ्यूस नुसताच गडगडतो.

जोड वरदान मागून मिळत नाही, त्याची वाट तयार करावी लागते. त्यासाठी देवांना नेक्टर, म्हणजे अमृत, देऊन कमावलेल्या भेटवस्तू. टार्टारसला निघताना एरीसची रक्ताची कुपी अडकवायची, म्हणजे पहिलं वरदान त्याचंच. ॲस्फोडेलच्या आधी ती बदलून अथीनाचं घुबडाचं पदक. दोघं हातात आले की इलीझियममध्ये दारांवरची चिन्हं वाचत जायचं आणि या दोघांपैकी कुणाचं चिन्ह दिसलं तर दुसऱ्या दारातल्या नाण्यांकडे बघायचंसुद्धा नाही. चारपैकी उरलेल्या दोन जागांवर कोण येईल ते नशीब. एका चांगल्या रनमध्ये तिसरा झ्यूस आला आणि चौथी डिमीटर, म्हणजे कॉल (देवाला मदतीची हाक) आणि कास्ट (दुरून फेकायचा मारा) यांची सोय झाली.

दोन देवांची परीक्षा लागली तर एक सूचना. तिथे एकाचं दान घेतलं की दुसरा चिडतो आणि त्याची समजूत पटेपर्यंत शत्रूंच्या जोडीने तोही तुमच्यावर शक्ती सोडतो. खोली संपली की राग निवळतो आणि त्याचंही वरदान पदरात पडतं. दोन्ही मिळणारच असल्याने आधी कोणाचं घ्यायचं यापेक्षा कोणाला चिडवायचं हा प्रश्न मोठा. मी झ्यूसला चिडवतो. त्याची वीज कुठे पडणार ते जमिनीवर आधी दिसतं.

या मांडणीत इलीझियमचा आखाडा हीच खरी परीक्षा, कारण एक्स्ट्रीम मेझर्सच्या तिसऱ्या पायरीला थिसियस रथात बसून येतो. रथाला बंदुका. अथेन्सचा महान राजा, मिनोटॉरला मारणारा वीर, आणि त्याच मिनोटॉरला, ॲस्टेरियसला, दोस्त म्हणून शेजारी उभं करून वर गोळीबार करतोय. पाताळात कुणाचं कुणाशी जमेल सांगता येत नाही. मुठींना रथामागे धावणं परवडत नाही, म्हणून आधी ॲस्टेरियस. तो धावत येतो, खांबाला धडकतो, क्षणभर भेलकांडतो. तेवढ्यात स्पेशल, ठोसा, स्पेशल, ठोसा. रथ गोल फिरून येईपर्यंत दोन वेळा डॅश. थिसियसला नंतर सावकाश घ्यायचा, पाठीमागून, कारण समोरून त्याची ढाल आहे. तब्येत अर्ध्यावर आली की तो ऑलिंपसकडे मदत मागतो, आणि बघा, जो देव तुमच्या बाजूला नाही तोच त्याच्या हाकेला धावतो. माझ्या वेळी पोसायडन आला. सख्खा काका आणि ऐन वेळी परक्याच्या बाजूने. अर्थात थिसियसच्या जन्मकथेत पोसायडनलाच त्याचा बाप मानणारी एक परंपरा आहे, तेव्हा तक्रार करायलाही जागा नाही.

शेवटी हेडीज. एक्स्ट्रीम मेझर्सची चौथी पायरी लावलेली नसल्याने तो पडल्यावर एकदाच पुन्हा उठतो. बर्फात, भाला घेऊन, मधूनच अदृश्य होत. मुठींना इथे एकच नियम: त्याचा भाला गोल फिरायला लागला की लोभ सोडून बाहेर. मर्सीफुल एंडमुळे तीन-चार ठोशांची संधीसुद्धा पुरते, त्यामुळे धीर धरता येतो. झ्यूसच्या विजेवर खेळताना हा धीर राहत नाही, आणखी एक ठोसा मारू म्हणता म्हणता भाला लागतो.

दुसरी एक जोडीही मुठींवर चालते, ती म्हणजे झ्यूस आणि पोसायडनची सी स्टॉर्म. पोसायडनचं टायडल डॅश घ्यायचं, शत्रूला लाटेने ढकलायचं, प्रत्येक ढकलीला वीज पडते. सोपी, सुरक्षित आणि थोडी कंटाळवाणी. नवख्यांनी यापासून सुरुवात करावी.

डायोनायससबद्दल एक गोष्ट सांगायची राहत होती. खेळात तो सावळा, हसरा, काहीसा आपल्याकडचा वाटावा असा काढलाय. ते निराधार नाही. नॉनसच्या ४८ सर्गांच्या महाकाव्यात डायोनायससची भारतावरची स्वारी हाच मोठा भाग आहे. मद्य आणि वेली घेऊन हा देव थेट आपल्याकडे लढायला येतो. त्याच काव्यात टायटनांनी फाडून टाकलेल्या झॅग्रियसची कथा आहे, जो पुढे डायोनायसस म्हणून पुन्हा जन्मतो. खेळवाल्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच झॅग्रियस आणि डायोनायसस मिळून बिचाऱ्या ऑर्फियसला थाप मारतात की आम्ही दोघं एकच, आणि तो भाबडा गायक त्यावर खरोखर स्तोत्र रचून गात सुटतो. पंडितांचा जुना वाद एका थट्टेत बसवलाय.

पुढचा बेत धनुष्याचा. खेळात प्रत्येक हत्याराची वेगवेगळी रूपं असतात; कोरोनाख्ट या धनुष्याचं लपवलेलं रूप रामाचं आहे आणि त्याचं गुपित आर्टेमिस सांगते. माझ्याजवळ अजून ती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्या धनुष्याला खेळात शार्ङ्ग म्हटलंय. आपल्यापैकी कुणीही लगेच म्हणेल, रामाचं ते कोदंड, शार्ङ्ग विष्णूचं. मेहकरचा शारंगधर बालाजी विष्णूच आहे. पण बालकांडात परशुराम आपल्या हातातलं विष्णूचं धनुष्य रामापुढे धरतो, राम त्याला बाण लावून दाखवतो आणि मग ते वरुणाच्या स्वाधीन करतो. तेवढ्या प्रसंगापुरतं का होईना, नाव चालून जातं.

या रूपात स्पेशलने खूण केलेले शत्रू एकमेकांचं दुखणं वाटून घेतात: एकाला बाण, कळ सगळ्यांना. दोरी ओढायला वेळ लागतो पण घाव जड, म्हणजे वरचा सगळा हिशेब उलटा. हल्ल्यावर ॲफ्रोडाइटी, जोडीला आर्टेमिस, आणि त्या दोघींचं हार्ट रेंड मिळालं तर दुबळ्या शत्रूवरचे क्रिटिकल आणखी वाढतील. टार्टारसला ॲफ्रोडाइटीचा गुलाब, ॲस्फोडेलला आर्टेमिसचं बाणाचं टोक, असा क्रम ठरवलाय. त्याआधी हत्यारांची रूपं खुली करायला लागणारं टायटनचं रक्त जमवायचं काम आहे, कारण होतं ते सगळं मुठींत ओतून बसलोय.