पुणे विद्यापीठाचा हद्द-नकाशा: नंदुरबारचं भोक बुजलं, कोल्हापूरचं मुद्दाम ठेवलंय

पुणे विद्यापीठाची हद्द काळानुसार कशी बदलली, त्याचा चलत-नकाशा क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये करतोय; एक फ्रेम म्हणजे एका वेळची हद्द. 1962 ची फ्रेम एकदाची जुळली. 18 नोव्हेंबरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक, धुळे, जळगाव असे पाच जिल्हे उरले. पण आजच्या जिल्हा-फाइलवर हे पाच रंगवले की वायव्येला भोक पडत होतं. कारण साधं: नंदुरबार 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. दोन्ही डिझॉल्व्ह केले, म्हणजे मधली सीमा पुसून एक केले, की काम होतं. नगरचा जॉइनही (माझ्या तक्त्याची नकाशाशी जोडणी) तुटला होता, नव्या फाइलीत तो अहिल्यानगर आहे. नावावर जॉइन करूच नका, स्वतःचा कोड द्या.

खरी डोकेदुखी 1949 ची, म्हणजे विद्यापीठ सुरू झालं तेव्हाच्या हद्दीची. "जळगावपासून कोल्हापूरपर्यंत 12 जिल्हे" हे वर्णन आजच्या नावांत आहे. तेव्हा जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. त्यात 1960 ला पश्चिम खानदेशातली उच्छल-निझरकडची गावं गुजरातेत गेली, म्हणजे धुळे अधिक नंदुरबार केलं तरी जुना जिल्हा पुरा होत नाही. गुजरातच्या तालुका-फाइलीतून तुकडा आणून जोडला, तर सीमेवर स्लिव्हरच स्लिव्हर, म्हणजे बारीक फटी नि एकमेकांवर चढलेल्या पट्ट्या! दोन फाइलींचे नोड (सीमारेषेचे बिंदू) जुळतच नाहीत. फुकटच्या फाइली प्रत्येकाने आपापल्या परीने सुलभ केलेल्या (सीमेचे बिंदू कमी केलेल्या) असतात, त्याचा हा प्रसाद. 'फिक्स जिऑमेट्रीज'चा इथे काही उपयोग नाही, ते एकेक आकार दुरुस्त करतं, शेजाऱ्यांमधल्या फटी नाही. थर यूटीएम 43 उत्तरमध्ये (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-प्रणाली) नेऊन ग्रास या सॉफ्टवेअरचं सीमा साफ करणारं व्ही.क्लीन चालवलं: आधी स्नॅप (जवळचे बिंदू एकत्र ओढणं) 50 मीटर, मग ब्रेक (रेषा छेदतात तिथे तोडणं), शेवटी आरएमएरिया (छोटे तुकडे शेजारच्यात मिसळणं) 50,000 चौरस मीटर. हा आकडा वाढवला की खरे छोटे तुकडेही शेजारच्यात विरघळतात.

आता कोल्हापूर. विद्यापीठ सुरू झालं 10 फेब्रुवारी 1949 ला, संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं 1 मार्चला. मधले 19 दिवस तिथे भोक दिसायलाच हवं. टेम्पोरल कंट्रोलरची (नकाशा काळानुसार पुढे सरकवणारं साधन) पायरी वर्षाची ठेवली की ते गडप होतं, महिन्याची ठेवली की फेब्रुवारीत झकास दिसतं. 'सुरुवात धरा, शेवट वगळा' हा पर्याय निवडा, नाहीतर बदलाच्या दिवशी जुना-नवा दोन्ही तुकडे एकावर एक येतात. (सांगली, मिरज, औंध वगैरे 8 मार्च 1948 लाच आत आली होती. सुटलो.)

मात्र हे लिहितानाच खटकलं: हे भोक प्रशासनाचं आहे, संलग्नतेचं (कोणतं महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं) नव्हे. दोन्ही एकाच थरात कोंबणं चूक. तेव्हा 15 ऑगस्ट 1990 ची उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची फ्रेम तूर्त बाजूला. आधी महाविद्यालयांचा बिंदू-थर: एका महाविद्यालयाच्या जितक्या संलग्नता तितक्या ओळी, प्रत्येकीला 'पासून' आणि 'पर्यंत'. सांगलीचं विलिंग्डन मुंबई, पुणे, शिवाजी अशा तीन ओळींचं, अमळनेरचं प्रताप मुंबई, पुणे, उत्तर महाराष्ट्र, फर्ग्युसन दोनच. रंग विद्यापीठाप्रमाणे. जिल्हे खाली फिक्या करड्यात, नुसते आधाराला.