मुलांपाशी गेलेली शाळा

बालवाडीत काम करणाऱ्या आम्हा ताईंना ‘मुलांवर रागावू नका’ असे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते, पण रागावण्याची वेळ मुळात का येते याचा विचार तेथे क्वचितच होतो. तीन-चार वर्षांची मुले एका लहान खोलीत ओळीने बसवली आणि त्यांना जागचे हलू दिले नाही, तर कितीही मायाळू बाईंचा आवाज चढतोच. हळुवारपणा बाईंच्या स्वभावाइतकाच शाळेच्या मांडणीवर अवलंबून असतो, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे सर्वांत लख्ख उदाहरण मला बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामात दिसते.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत घडलेल्या ताराबाईंनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी आईबापांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली. तेथे मुलांना अंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ असा क्रम असे. पुढे जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे चारायला जातात म्हणून शिक्षक कुरणात गेले. थोरल्या बहिणींच्या कडेवर धाकटी भावंडे असतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा शेजारी शेजारी आणली. एरवी ज्या मुलीला ‘बाळाला घेऊन का आलीस?’ म्हणून बोलणी बसली असती, तिला आता बाळ जवळ ठेवून शिकता येऊ लागले.

साधनांचेही तसेच. मुलाने साधने हाताळत स्वतःच शिकावे अशा माँटेसरी पद्धतीत लाकडी ठोकळ्यातल्या वेगवेगळ्या मापांच्या दहा खळग्यांत त्या त्या मापाचे दहा दट्टे बसवायचे असतात. एक जरी चुकीच्या जागी गेला तरी शेवटचा नीट बसत नाही, आणि ‘चुकले’ असे कोणी सांगावे लागत नाही. ही साधने महाग होती, म्हणून बोर्डी-कोसबाडला शंख, शिंपले, बिया, पाने, माती यांतून साधने घडवली गेली. आमच्या अंगणात मी मातीत खळगे करून मुलांना प्रत्येकात एकेक चिंचोका ठेवायला सांगते. एखादा चिंचोका उरला की मूल थांबते, खळग्यांवरून पुन्हा बोट फिरवते, कधी सगळे उपसून नव्याने मांडते. त्या वेळी मी गप्प राहते. हे गप्प राहणे फार कठीण असते, कारण उत्तर ओठांवर आलेले असते. पण ते सांगितले तर मुलाने स्वतः मोजण्याचे कारणच उरत नाही.

पालकांची घाई मी समजू शकते. शेजारच्या मुलाच्या वहीत अक्षरे दिसतात आणि आपल्या मुलाच्या हाताला नुसती माती, हे त्यांना टोचते. ‘ताई, दोन फटके द्या, आमची हरकत नाही,’ असे सांगणारे आईवडील आजही भेटतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली, परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. सर्वांत कोवळ्या वयाची मुले त्याबाहेर राहतात, ही उणीव मला अस्वस्थ करते. अशा पालकांना मी सकाळी तासभर अंगणात येऊन बसायला सांगते. बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो, एवढ्या मोकळ्या मुलांत भांडणे कशी होत नाहीत, हा. भांडणे होतात, पण प्रत्येकाला हात चालवायला काही ना काही असल्यामुळे ती बहुधा लवकर मिटतात.

शहरातल्या अनेक बालवाड्यांना अंगणच नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही इमारतीचा व्हरांडा, देवळाचे आवार किंवा जवळची बाग सकाळी तासभर मागून घेता येते, आणि सोसायट्यांनी व नगरपालिकांनी ती जागा मोकळ्या मनाने द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.