मोहरी मागायला गेलेली बाई

रविवार, रात्री साडेदहा

आई आज बाबांबद्दल बोलली. पाच महिन्यांनी.

घरात ती बोलायची, नाही असं नाही. दुधाचा हिशोब, "जेवलीस का", सगळं. पण बाबांचा विषय निघाला की एकच वाक्य : "अटॅक आला, गेले." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेवढंच, आणि मग चहाला उठायची.

दुपारी तिला नागपुरातल्या इंदोऱ्याच्या आमच्या विहारात घेऊन गेले. वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले धम्मवाचनाचे तीन महिने, संपत आलाय. आषाढ पौर्णिमेपासून रोज 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू आहे. आज वाचन संपल्यावर आजींनी किसा गौतमीची गोष्ट सांगितली. आजी म्हणजे वस्तीतल्या सगळ्यांच्याच आजी. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर आलेल्या. तो दिवस सांगताना त्या "आम्ही गरीब होतो" असं कधीच म्हणत नाहीत. "आम्ही चालत आलो," म्हणतात.

गौतमीची गोष्ट मला लहानपणापासून पाठ आहे. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते, तथागत म्हणतात, मूठभर मोहरी आण, पण जिथं कुणी मेलं नाही अशाच घरची. शाळेत शिकले ते एवढंच, की मरण कुणाला चुकत नाही. आजींनी मात्र मधला भाग लांबवला. पहिल्या दारात बाई मोहरी घेऊन बाहेर आली, गौतमीनं अट सांगितली, आणि त्या बाईचा हात तिथंच थांबला. "मग थे बाई बसली ना पोरी उंबरठ्यावर. सांगू लागली आपल्या पोराचं." दुसऱ्या दारी सासऱ्याचं, तिसऱ्या दारी बहिणीचं. आज पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, तथागतांनी तिला उपदेश दिलाच नाही. तिला ऐकायला पाठवलं. दिवसभर ऐकून ऐकून संध्याकाळी तिनं लेकरू स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. पुढं ती भिक्खुणी झाली, थेरीगाथेत, भिक्खुणींच्या गाथांच्या ग्रंथात, तिच्या गाथा आहेत.

सगळ्या जणी गप्प होत्या. आई खाली सतरंजीकडे बघत म्हणाली, "मी ओरडली त्यांच्यावर."

मग सगळं आलं. मे महिना, सकाळी दहालाच ऊन पेटलेलं. बाबा कूलरमध्ये पाणी भरत होते. पाणी वाहून अंगणात आलं, तर ही स्वयंपाकघरातून ओरडली, "लक्ष कुठं आहे तुमचं, पाणी वाया चाललं ना!" पुन्हा ओरडली. बाहेर आली तेव्हा पाईप चालूच होता आणि बाबा खाली पडलेले. शेवटचं बोलणं ते. पाच महिने हे तिच्या पोटात होतं आणि मी शेजारच्या खोलीत झोपत होते.

कुणी तिला "असं मनात आणू नको" म्हटलं नाही. शेजारच्या मावशी एवढंच म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं पाणी मागितलं होतं, मी म्हटलं थांबा जरा." मग आणखी एक जण बोलली. चहा निवून गेला.

घरी आल्यावर आईचं डोकं दुखायला लागलं. मी घाबरले, उगाच नेलं असं वाटलं. मग बी.ए.ला वाचलेला पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग आठवला, १९८६ चा. विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायचं. लिहून उठल्यावर त्यांना आधीपेक्षा वाईटच वाटायचं. पण ज्यांनी काय झालं आणि आत काय वाटलं, दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. डोक्याला तेल लावून दिलं आणि बसून राहिले.

थोड्या वेळानं डोळे मिटूनच आईनं विचारलं, "तुला फोन कोणी केला होता गं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, काकांनी. मी हिंगण्याच्या बसमध्ये होते.

"बसायला जागा होती?"

नव्हती, म्हटलं. उभी होते.