दोनशे तासांची भाची

बिजासन टेकडीवर देवीचं दर्शन झालं की मी कठड्यापाशी रेंगाळतो. खाली इंदूरची धावपट्टी दिसते. परवा भाची बरोबर होती. पाठमोरी उभी राहून नुसत्या आवाजावरून म्हणाली, "मामा, एटीआर." म्हणजे छोटं पंख्याचं विमान. तिच्या हातात सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, येऊन दीड वर्ष झालं. नोकरी नाही.

"पायलटांची तर टंचाई आहे ना?" लोकमान्य नगरात भेटेल तो विचारतो. आहे, पण कॅप्टनांची! बारावीला फिजिक्स-गणित, डीजीसीएचे (सरकारी विमान वाहतूक नियामकाचे) पेपर, क्लास वन मेडिकल आणि 200 तासांचं उड्डाण, एवढ्यावर सीपीएल मिळतं. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला 1500 तास हवेत. मधले तेराशे नोकरीतच भरायचे, आणि ती दारंच बंद. म्हणून एकीकडे कॅप्टनला सोडायचं तर वर्षभराची नोटीस, इतका तो मौल्यवान. दुसरीकडे ही पोरगी टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचे, लाखो रुपयेही पदरचे भरायला तयार.

अमेरिकेत हा अडसर दारातच आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. त्या अपघातामुळे 2013 पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण 1500 तास लागतात. पदवी किंवा लष्करी अनुभव असला तर सूट. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघांचेही तास 1500 च्या वरच होते. पण नियमामुळे नवखी मुलं तास भरायला आधी इतरांना उडवायला शिकवण्यात वर्षं घालवू लागली आणि छोट्या कंपन्यांना माणसं मिळेनात. 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नवख्या सहवैमानिकांचा पगार तासाला 90 डॉलरवर नेला. (कोविडात ज्येष्ठांना लवकर घरी पाठवलं होतं, तोही हात त्यात आहेच.)

एकतीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली पाहिल्यात मी. अमेरिकेत चाळणी तासांची. आपल्याकडे ती आईबापांच्या घराच्या कागदांची. ताईचं घर तारण आहे, पंचावन्न लाखांवर. आपल्या चाळणीतून पोरं भराभर पडतात, मग नवख्याच्या पगाराची घासाघीस कोण करणार? मिळेल त्या अटीवर सही.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मला पंधराशे चालतील हो. उडवायला द्या कुणीतरी."

पुढच्या महिन्यात तिचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना नुसत्या उपकरणांवर उडवायची परवानगी) संपतंय. नूतनीकरणाला पुन्हा पैसे. काल ताईने फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं, माझी एफडी कधी मॅच्युअर होते ते.