नऊ आर पोटखराब

बसवलेला मृतदेह मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. छोटा हत्ती टेम्पोच्या हौद्यात बांबूचं मखर बांधलेलं होतं. मखरात भगव्या वस्त्रातले, ऐंशीच्या घरातले एक बाबा मांडी घालून बसवलेले. कपाळभर भस्म, गळ्यात लोकरीच्या दोऱ्यात ओवलेली शिंगी, मान ढळू नये म्हणून हनुवटीखालून बांधलेली भगवी पट्टी. टेम्पो तहसीलच्या फाटकात आडवा लावला होता आणि भोवती बायका, पोरं, डौर घेतलेली दोन म्हातारी माणसं उन्हात बसून होती.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात मी तेव्हा नायब तहसीलदार होते. तहसीलदार साहेब जिल्ह्याला बैठकीला गेले होते, चार्ज माझ्याकडे होता. मृग लागला होता, एक पाऊस पडून गेला होता आणि पुन्हा उघडीप पडून उकाडा वाढला होता. बाबा आदल्या रात्री गेले होते. म्हणजे हातात फार वेळ नव्हता.

थोरला मुलगा पुढे आला. "बाईसाहेब, आमाला पैसा नको, घर नको. बापाला ठेवायला जागा दावा, लगेच निघतो."

ही मंडळी नाथपंथी डवरी गोसावी. डौर वाजवत भैरवनाथाची गाणी म्हणत गावोगाव फिरणारा समाज. या कुटुंबांची गावाकडेला दोन पिढ्यांपासून वस्ती होती, मतदार यादीत नावं होती, पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. नाथपंथात मेलेल्याला जाळत नाहीत, समाधी देतात. देह ताठ व्हायच्या आत मांडी घालून बसवावं लागतं, आणि एकदा बसवला की तो चितेवर आडवा करता येत नाही. ग्रामपंचायतीतून कुणीतरी सकाळी त्यांना सांगितलं होतं, "गावची स्मशानभूमी आहे की, तिथं दहन करून टाका, सरपण आम्ही देतो." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. पण त्या मुलाने टेम्पोकडे फक्त हात केला, आणि त्या हातवाऱ्यात सगळं उत्तर होतं.

वाद असा होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका शेताच्या कोपऱ्यात या लोकांच्या जुन्या समाध्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ते शेत विकलं गेलं. नव्या मालकाने जेसीबी लावून रान एकसारखं केलं, तारेचं कुंपण ओढलं. त्या तीन वर्षांत वस्तीवर कुणी मोठं माणूस गेलं नव्हतं, म्हणून प्रश्न उठला नव्हता. आता तो म्हणत होता, माझ्या सातबाऱ्यावरची जमीन आहे, इथे कुणालाही पुरू देणार नाही. मग गोसावी गायरानाकडे वळले, तर तिथे राहणारी घरं आडवी आली. इथे कधी मसणवट नव्हती, आता कशाला? पहाटेपासून दोन ठिकाणांहून परत फिरून टेम्पो शेवटी आमच्या दारात आला होता.

गायरानातला तुकडा मी त्याच दिवशी देऊन टाकावा, असं जमलेल्यांपैकी अनेकांना वाटत होतं. एक स्थानिक पुढारी तर मोठ्याने म्हणाले, "मॅडम, एक सही करा ना." पण ती सही माझी नव्हतीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ प्रमाणे गावातली सरकारी जमीन चराईला, गावठाणाला, दहन-दफनाला राखून ठेवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा आहे, आणि एका कामासाठी राखलेली जमीन त्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. गायरानाबाबत तर अतिक्रमणांविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यामागून आलेला राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय डोक्यावर असतो. प्रस्ताव, ग्रामसभेचा ठराव, मोजणी, अभिप्राय ही वाट महिन्यांची. मखरातल्या देहाला तासांचं गणित होतं.

दंडुक्याची भाषाही काही जणांनी काढली. दफनभूमीचा वापर अडवला तर अ‍ॅट्रॉसिटी लावा, म्हणाले. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला दहन-दफनभूमी वापरण्यापासून अडवणं हा २०१५ च्या दुरुस्ती कायद्याने स्वतंत्र गुन्हा झाला आहे, हे खरं. पण डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमाती 'ब' मध्ये येतात. तो कायदा त्यांच्या कामाचा नाही. ज्यांना मेल्यावर जागेसाठी सगळ्यात जास्त फिरावं लागतं, त्या समाजांपैकी कितीतरी त्या संरक्षणाच्या बाहेर आहेत. हे मला त्या दिवशीही फार लागलं होतं, आजही लागतं.

एकच रस्ता उरत होता. नवी जागा देणं शक्य नव्हतं, पण जुनी जागा जुनीच आहे हे कागदावर सापडलं तर?

तलाठ्याला फोन करून त्या गटाचा सातबारा मागवला. लोक सातबारा बघतात तो नाव आणि एकूण क्षेत्र बघायला. मी पोटखराबाचा रकाना बघितला. पोटखराब दोन प्रकारचा. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला, खाण असल्यामुळे लागवडीला न येणारी जमीन. वर्ग 'ब' म्हणजे रस्ता, पाणवठा, दफनाची जागा अशा सार्वजनिक कारणासाठी सोडलेली जमीन. तिच्यावर आकार बसत नाही आणि ती नांगरताही येत नाही. त्या गटात वर्ग 'ब' खाली नऊ आर, म्हणजे साधारण नऊ गुंठे, होते. कशासाठी सोडलेत, ते मात्र सातबारा सांगत नव्हता.

ते सांगणारा कागद असलाच तर अभिलेख कक्षात असणार होता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्याकडे जुन्या हक्काचा शोध बहुतेक वेळा १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापाशी, म्हणजे तेव्हाच्या जमीन पाहणीच्या नोंदीपाशी, जाऊन थांबतो. आमचे अभिलेखपाल निवृत्तीला आलेले, मितभाषी गृहस्थ. गावाचं नाव ऐकून त्यांनी शिडी लावली, लाल फडक्यात बांधलेला बस्ता उतरवला आणि टेबलावर जुना कागद पसरला. कडा कुरतडलेल्या, शाई तपकिरी पडलेली. पान उलटताना ते खालून तळहात लावायचे, कागद दुमडू नये म्हणून. जुन्या सर्व्हे नंबरावरून आजचा गट जुळवला. शेऱ्याच्या रकान्यात बोट थांबलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'मसणवट गोसावी'. दोनच शब्द. सत्तर वर्षांपूर्वी कुणी पाहणीला आलेला माणूस त्या रानात उभा राहिला असेल, समाध्या बघितल्या असतील आणि रकाना कोरा सोडला नसेल. त्या अनोळखी माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

नक्कल साक्षांकित केली. मंडळ अधिकारी, तलाठी, भूमी अभिलेखचे भूकरमापक आणि ठाण्याचे जमादार यांना घेऊन निघालो. रीतसर मोजणी नोटिसा काढूनच होणार होती. आज नकाशावरून कोपरा दाखवण्यापुरतं काम होतं.

शेतमालक बांधावर उभाच होता. तिशीतला पोरगा, शेजारी बायको, मागे म्हातारा बाप. चेहऱ्यावर मग्रुरी नव्हती, धास्ती होती. त्याला खासऱ्याची नक्कल दाखवली, सातबाऱ्याचा रकाना दाखवला. भूकरमापकांनी लिंबाच्या झाडापासून अंतर धरून कोपरा दाखवला. तेवढ्यात वस्तीवरच्या एका म्हातारीने सरळ बांधाकडे चालत जाऊन मातीचा ढीग हाताने उकरायला सुरुवात केली. जेसीबीने रान सपाट करताना लोटलेली माती होती ती. तिथून एक दगड निघाला. हातभर लांबीचा, वर दोन पादुका कोरलेल्या, खोबणीत शेंदराचा लाल अंश राहिलेला. तिने पदराने तो पुसला आणि कुणाला काही न बोलता बाजूला मांडला. मग दुसरा निघाला. मंडळ अधिकाऱ्यांना म्हटलं, पंचनाम्यात दोन्ही दगड मापासह घ्या.

पोराला मी जमादारांसमोर समजावून सांगितलं. दफनाच्या जागेत भावना दुखावण्याच्या हेतूने किंवा त्या दुखावतील हे माहीत असून अतिक्रमण करणं हा गुन्हा आहे, तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम २९७ होतं, आता न्याय संहितेचं ३०१ आहे. तू अजाणता रान सरळ केलंस असं धरू. पण आता तुला माहीत आहे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, विकणाऱ्याने एक शब्द सांगितला नाही. बँकेचं कर्ज काढून घेतलंय. आणि उद्या माझी बायको इथं खुरपायला येईल का, ते सांगा."

त्याचं दुःख खोटं नव्हतं. खरेदीखतात क्षेत्र पोटखराबासह लिहिलं होतं आणि वर्ग 'ब' म्हणजे काय हे त्याला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. जमिनीचे व्यवहार आपल्याकडे असेच होतात. उत्तर माझ्याऐवजी ती दगड उकरणारी म्हातारीच देऊन गेली. त्याच्या बायकोला म्हणाली, "पोरी, आमचे नाथ कुणाला भेव घालीत नाहीत. दिवा लावायला येऊ तवा तुझ्या पिकावर पाय देणार नाही."

तासाभराच्या बोलण्यानंतर लेखी जबाब झाले. बांधाच्या कडेने वाट, कुंपणाचा एक गाळा मोकळा, नऊ आरांच्या बाहेर पाऊल नाही, आणि अंतिम हद्द मोजणीवर. पोराने स्वतःच पक्कड आणून तार सोडली.

खड्डा कुदळ-फावड्याने खणला. जागा ठरवताना विहिरीपासूनचं अंतर आणि ओढ्याच्या पाण्याची खूण मी बघून घेतली. बसलेल्या देहाच्या डोक्यावर पुरेशी माती यायला हवी, म्हणून खोली पुरुषभर. वरची काळी माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. तळाशी मीठ पसरलं. थोरला मुलगा आत उतरला, वरून चौघांनी बाबांना हळूहळू सोडलं आणि त्याने बापाची पाठ स्वतःच्या छातीला टेकवून त्यांना नीट बसवलं. मग भस्म, बेलाची पानं, मिठाचं पोतं गळ्यापर्यंत. "आदेश! आदेश!" असा घोष झाला. मुलगा वर आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत मीठ चिकटलं होतं. दिवस मावळायच्या आत माती झाली.

त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये बस्तरच्या एका ख्रिस्ती पाद्र्यांच्या दफनाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्याचं वाचलं. ७ जानेवारीला मृत्यू, गावात दफनाला विरोध, देह शवागारात. २७ तारखेला दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. एकीच्या मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन व्हावं, दुसऱ्याच्या मते नेमून दिलेल्या ख्रिस्ती दफनभूमीतच. देह आणखी ताटकळू नये म्हणून शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कारकापालच्या दफनभूमीत दफनाचा आदेश झाला. वीस दिवस. सगळा प्रश्न हाच होता की गावातली जागा त्यांच्यासाठी नेमलेली आहे की नाही. मला आमचे दोन शब्द आठवले. ते नसते तर त्या बाबांचं काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

म्हणून माझं म्हणणं फार ठाम आहे. दफनाची जागा ही गावाने दाखवलेली माया नाही, ती नोंद आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या ग्रामसूचीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कामांच्या यादीत, दहनभूमीबरोबर दफनभूमीही आहे. पण गावोगाव दिसते ती दहनशेड. लिंगायत बसवून पुरतात, मुसलमान आणि ख्रिस्ती निजवून पुरतात, भटक्यांमधल्या अनेक जमाती पुरतात आणि लहान लेकरू गेलं तर जाळणाऱ्या घरांतही बहुतेक ते मातीलाच देतात. दफन न लागणारं गाव मला तरी माहीत नाही. जनसुविधा योजनेतून कुंपण, पोहोच रस्ता होऊ शकतो, पण आधी जागा कागदावर लागते, आणि ती वस्तीवर कुणी गेलेलं नसताना, शांत दिवसांत, कागदावर आणावी लागते.

पुढच्या महिन्यात आम्ही तालुक्यातल्या तलाठ्यांकडून यादी मागवली. कोणत्या गावात कोण पुरतं, कुठे पुरतं, आणि ती जागा कोणत्या गटात, कोणत्या रकान्यात आहे. बऱ्याच ठिकाणी 'कुठे' चं उत्तर आलं, 'रकाना' रिकामा आला. त्यांतल्या काही गावांचे कलम २२ चे प्रस्ताव जिल्ह्याला गेले. मुस्लिम कबरस्तानांच्या बाबतीत वक्फ नोंदीही ताडून बघाव्या लागल्या, त्या कामाला स्वतंत्र माणूस द्यावा लागला.

त्या नऊ आरांची मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले आणि गोसावी समाजाची दफनाची जागा व जाण्यायेण्याची वहिवाट अशी नोंद इतर हक्कात धरली. ज्याने जमीन विकली त्याने त्या फेरफारावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील केलं आहे. आता खरेदीदार आपले पैसे परत मागेल, ही त्याची भीती. माझी बदली झाली, पण तलाठ्याचा फोन येतो. सुनावणीला थोरला मुलगा स्वतः जातो, मूळ खासऱ्याची साक्षांकित नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून.