पाडकाम सोपं, शाळा हलवणं अवघड

जुन्या ठाण्यातल्या अनेक माध्यमिक शाळांच्या इमारतींनी तिशी कधीच ओलांडली आहे, आणि तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. निकाल चार गटांत लागतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे वापर चालू ठेवून दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ काम. सी-१ चा कागद हातात पडला की संस्थाचालक पहिला फोन आर्किटेक्टला करतात. खरं तर पहिली बैठक वेळापत्रक लावणाऱ्या पर्यवेक्षकांसोबत व्हायला हवी. पुनर्बांधणी रखडते ती बहुधा शाळेच्या वर्षाशी बांधकामाचं वर्ष न जुळल्यामुळे.

त्याआधी ऑडिटबद्दल थोडं. स्वस्तात उरकायचं म्हणून फक्त रिबाउंड हॅमरच्या, म्हणजे काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या उपकरणाच्या, आकड्यांवर अहवाल घेऊ नका. तो पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, आणि कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे अल्कलीपणा गेलेलं, जुनं काँक्रीट वरून उलट जास्तच टणक लागतं. कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढून दाबाची चाचणी करून घ्या आणि ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे अल्कलीपणा दाखवणारं रसायन मारायला सांगा. गुलाबी होईल तो भाग अजून सळईला जपतो आहे, रंगहीन राहील त्याचं काम संपलं. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला की गंजायला फक्त ओल पुरते, आणि वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या ठाण्यात ओलीची वाण नाही. स्वच्छतागृहांच्या खालचे स्लॅब आणि पाण्याच्या टाकीखालचे कॉलम आधी जातात. गच्चीही नीट बघावी. गळती थांबेना म्हणून दर दहा-पंधरा वर्षांनी जुन्यावर नवा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर, घातलेला असतो. चार-साडेचार इंचांच्या एका थराचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं. वर्गखोलीच्या स्लॅबसाठी माणसं आणि बाकं यांचा मिळून भार तीनशे किलो धरतात, गच्चीचा त्याहूनही कमी. दोन थर चढले की हिशेब तिथेच कोलमडतो.

आता वेळापत्रक. नेहमीची चूक अशी की मे महिन्यात इमारत पाडतात आणि उत्साहाच्या भरात लगेच खोदायलाही घेतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो, खड्ड्याचं तळं होतं, कडा ढासळतात आणि शेजारच्या सोसायटीच्या कंपाउंडला तडे जातात. मग नोटीस, मग काम बंद. मे महिन्यात पाडकाम फक्त जोत्यापर्यंत करावं. जुनं जोतं आणि पाया पावसाळाभर तसाच राहू द्यावा, म्हणजे आवार कोरडं राहतं आणि चिखल रस्त्यावर येत नाही. ते चार महिने नकाशांची मंजुरी, निविदा आणि माती परीक्षण यांत घालवावेत. पावसात बोअर घेतले तर भूजल सर्वांत वर असताना मोजलं जातं, ते पायाच्या डिझाइनला उपयोगीच. खोदाई ऑक्टोबरमध्ये, जोते तपासणी डिसेंबरअखेर, तळमजला अधिक तीन मजल्यांचे चार स्लॅब जानेवारी ते मे, दुसऱ्या पावसाळ्यात आतलं वीटकाम आणि प्लास्टर, आणि त्यापुढच्या जूनमध्ये शाळा नव्या इमारतीत. म्हणजे दोन पूर्ण शैक्षणिक वर्षं. 'एका वर्षात देतो' म्हणणाऱ्या कंत्राटदाराला टेकू कधी काढणार ते विचारा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा, त्याहून लांब बीमखालचे एकवीस, असं आयएस ४५६ हे काँक्रीटकामाचं भारतीय मानक सांगतं. वर पुढच्या स्लॅबचं ओलं काँक्रीट येणार असेल तर खालचे टेकू त्याहूनही जास्त दिवस ठेवावे लागतात. खाडीच्या हवेचा विचार करून एम ३० प्रतीचं काँक्रीट आणि ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, धरलेलं बरं. खर्च थोडा वाढतो, पण जुन्या इमारतींत पंधरा-वीस मिलिमीटर कव्हरनेच घात केला आहे.

या दोन वर्षांत मुलं बसणार कुठे, हा खरा आराखडा. पाचवी ते दहावी प्रत्येकी चार तुकड्या धरल्या तर २४ तुकड्या, पन्नासाच्या हिशेबाने १,२०० मुलं. दोन सत्रांत १२ खोल्या लागतात. उसन्या शाळेत आठच मिळाल्या तर १६ तुकड्या बसतात आणि आठ उरतात. त्या सभागृहात प्लायवूडचे पडदे लावून बसवण्याचा मोह होतो. एका वर्गाचे पाढे दुसऱ्याच्या इतिहासात मिसळतात आणि दोन्ही बुडतात, तेव्हा ते नकोच. दुसरी जागा घ्यावी लागली तर वाटणी इयत्तेप्रमाणे करा. तुकडीप्रमाणे केली तर गणिताच्या सरांचा अर्धा तास गोखले रोडच्या गर्दीत जातो. दहावीला एकच जागा द्या आणि ती दोन्ही वर्षं बदलू नका.

अंतराचा प्रश्न फक्त पालकांच्या सोयीचा नाही. अनुदानित शाळेची संच मान्यता, म्हणजे शिक्षकांच्या किती पदांना मंजुरी ते, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. तात्पुरती जागा कळव्याच्या पलीकडे गेली आणि पाचवीत चाळीस-पन्नास मुलं कमी आली, तर शिक्षक अतिरिक्त ठरतात. नवी इमारत उभी राहते तेव्हा शिकवायला तेच शिक्षक नसतात. म्हणून स्थलांतराची परवानगी शिक्षणाधिकारी, माध्यमिक यांच्याकडून प्रवेश सुरू होण्याआधी घ्यावी आणि नवा पत्ता प्रवेशाच्या फलकावरच लिहावा. शाळा परीक्षा केंद्र असेल तर वाशीच्या विभागीय मंडळालाही वेळेत कळवावं.

कार्यालय मात्र मुलांसोबत हलवू नये. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हा कायमस्वरूपी दस्तऐवज आहे. जात पडताळणीसाठी आजोबांची नोंद शोधत लोक वर्षभर येत राहतात, त्यांना शाळा पाडली आहे याच्याशी देणंघेणं नसतं. जुन्या आवाराजवळ एक गाळा भाड्याने घ्या, रजिस्टरं स्कॅन करा आणि मूळ प्रती लोखंडी कपाटात जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. टेम्पोत बाकांखाली रजिस्टरं भरण्याचा प्रकार अजूनही होतो.

नकाशाकडे वळायचं तर जिना आधी बघा. मजल्याची उंची ३.६ मीटर आणि पायरी १५० मिलिमीटर धरली की २४ पायऱ्या होतात, म्हणजे बाराच्या दोन ओळी. रुंदी दीड मीटरपेक्षा कमी नको, कारण मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळे एकाच वेळी उतरतात. पाणी दिवसाशाळेला डोई ४५ लिटर, म्हणजे १,२०० मुलांना ५४ हजार लिटर. मुलींसाठी २५ मागे एक शौचालय हा निकष कागदावर पाळतात आणि मग एकाला कुलूप लावून सामान ठेवतात. झाडूखोली नकाशातच दाखवली तर ही वेळ येत नाही.

शाळेचं पटांगण वस्तीचंही असतं. सकाळी चालणारे, संध्याकाळी कबड्डी आणि मल्लखांब, जानेवारीत व्याख्यानमाला, निवडणुकीत मतदान केंद्र. दोन वर्षं पत्रे लागले की ही मंडळी दुसरीकडे जातात आणि परत येतीलच असं नाही. शक्य असेल तर साइटचं साहित्य एका कोपऱ्यात ठेवून निदान कबड्डीच्या मैदानाएवढी, १३ बाय १० मीटर जागा मोकळी राखा, पण ती क्रेनच्या घेऱ्याबाहेरच. नव्या इमारतीत सभागृह तळमजल्यावर घ्या, त्याला रस्त्याकडून वेगळं फाटक, वेगळी स्वच्छतागृहं आणि वेगळा वीजमीटर द्या. बाकी शाळेला कुलूप लावून सभागृह चालवता आलं पाहिजे. जोतं ६० सेंटिमीटर असेल तर एकास बाराच्या उताराने रॅम्प ७.२ मीटर लांब होतो, त्याची जागा पहिल्या रेखाटनातच सोडा.

पैशांचं म्हणाल तर पगार सरकार देतं, इमारत संस्थेची संस्थेनेच बांधायची. विश्वस्तांना कर्ज काढायचं असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, तिचा वेळ आधीच धरा. माजी विद्यार्थ्यांकडून रोख दोन हजारांच्या वर घेऊ नका, त्यावर दात्याला देणगीची आयकर सवलत मिळत नाही. देणगी कॉर्पसला, म्हणजे संस्थेच्या कायम निधीला, हवी असेल तर दात्याकडून तसं लेखी घ्या. अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्यांना आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती परदेशीच, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची एफसीआरए नोंदणी नसेल तर घेता येत नाही.

भोगवटा प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एकही वर्ग नव्या इमारतीत भरवू नका, जून तोंडावर आला तरी. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैला द्यायचा असतो. पहिला जुलै शाळा लागल्यावर महिन्याच्या आतच येतो, म्हणून दोन वर्षांच्या देखभालीचा करार निविदेतच धरा.